त्रेसष्ट नंबरचा खण

आज मी तुमच्याशी कॉम्प्युटरच्या डिस्कविषयी बोलणार आहे. कवीनं या वाटेला कशाला जावं, असं तुम्हाला वाटलं असेल. मी कला शाखेचा पदवीधर. आकड्यांशी माझा संबंध मात्रा आणि अक्षरं मोजण्यापुरता. पण ज्याला अक्षरं मोजायची सवय आहे त्याला हा विषय इंजिनिअरइतकाच समजतो, हे मला अलीकडे कळलं. शिवाय आमच्या घरात या विषयावर एका दिलेल्या शब्दाचा भार होता.

माझी पत्नी निवृत्त शिक्षिका. जात्यावरची गाणी गोळा करायचा तिला फार जुना नाद. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे जुने मोहल्ले, पैठण आणि कन्नडकडची खेडी, असं तिचं फिरणं. मराठी घरांतून ओव्या मिळायच्या, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून दखनीतल्या चक्कीनाम्यांचे तुकडे. विजापूरकडच्या सूफींनी सतराव्या शतकात हे चक्कीनामे रचले. दळणाऱ्या बाईच्या तोंडी अल्लाहचं नाव राहावं म्हणून. भाषा वेगळी, दगड तोच, आणि दळणारीचा हातही तोच.

ओव्या जमवण्याचं फार मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी केलं. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि २०१७ सालापासून ‘पारी’ या संस्थेनं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. माझ्या पत्नीचा संग्रह त्यापुढे ओंजळभर. पण त्यात एक अडचण आहे. जातं थांबलं की बायका बोलायला लागतात. मार खाल्लेली बोलते, टाकलेली बोलते, भावांनी हिस्सा लिहून घेतला ती बोलते. रेकॉर्डर चालूच असतो. कुणी म्हणतं, बंद करा बाई. कुणी म्हणतं, राहू द्या, पण बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या पत्नीनं अशा प्रत्येकीला सांगितलं, हे माझ्यापाशीच राहील. गाणी लोकांची. मधलं बोलणं लोकांचं नाही.

आता कॉम्प्युटरवर ‘माझ्यापाशी राहील’ याचा अर्थ काय? कॉम्प्युटरला पासवर्ड असतो, असं आपण म्हणतो. तो पासवर्ड म्हणजे दिवाणखान्याच्या दाराची कडी. चोरानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की कडीचा प्रश्नच उरत नाही, सगळं उघडं. म्हणून डिस्कवर जे लिहायचं तेच सांकेतिक करून लिहावं लागतं. याला एन्क्रिप्शन म्हणतात. किल्ली असेल तर मजकूर, नसेल तर नुसती राख. विंडोजमध्ये याची सोय बिटलॉकर नावानं मिळते, लिनक्समध्ये लक्स नावानं. आमच्या घरी २००८ साली एका ओळखीच्या तरुण इंजिनिअरनं डेस्कटॉपमध्ये पत्नीसाठी वेगळी डिस्क बसवून तिच्यावर लक्सचं कुलूप घालून दिलं. पहिल्या रेकॉर्डिंगपासून सगळं कुलपाच्या आत गेलं.

ती डिस्क फिरत्या तबकडीची होती. २०१४ साली ती कुरकुरायला लागली म्हणून मोठी आणली आणि जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली. २०२१ साली पुन्हा तेच. या वेळी नवी डिस्क एसएसडी होती. एसएसडी म्हणजे ज्यात फिरणारं काही नाही, सगळं चिपमध्ये. विकणारा म्हणाला, आता कॉम्प्युटर पळेल. कॉम्प्युटर पळालाही, पत्नीची डिस्क मात्र पळाली नाही. मोठी ध्वनिफीत झटकन उतरायची. पण ती ओव्या टाइप करायला बसली, एकेक ओवी जतन करू लागली, की पडद्यावरचं चाक फिरत राहायचं. तासातासाचं रेकॉर्डिंग चटकन उतरतं आणि चार ओळींची ओवी अडते, हे कोडंच होतं.

माझा भाचा याच क्षेत्रात नोकरी करतो. ईदला आला होता. त्यानं दोन-चार हुकूम टाइप केले, पडद्यावर आकडे आले, आणि तो हसला. “मामू, हे त्रेसष्टपासून सुरू होतंय.”

काय सुरू होतंय, ते सांगतो.

डिस्क म्हणजे ओळीनं मांडलेले खण समजा. पूर्वापार एका खणात ५१२ अक्षरं, त्यांच्या भाषेत बाइट. खणाला त्यांचा शब्द सेक्टर. खणांना नंबर असतात, आणि मोजणी शून्यापासून. जुन्या तबकडीवर खण गोल फेऱ्यांत असायचे. पीसीच्या जुन्या हिशेबात एका फेऱ्यातल्या खणाचा नंबर लिहायला शून्य-एकच्या सहा जागा ठेवलेल्या होत्या. सहा जागांत चौसष्ट संख्या बसतात, पण इथली मोजणी एकापासून, म्हणून एका फेऱ्यात जास्तीत जास्त ६३ खण. पहिल्या फेऱ्यातल्या पहिल्या खणात डिस्कचा नकाशा ठेवायचा, बाकीचा फेरा मोकळा सोडायचा, आणि आपला विभाग, म्हणजे पार्टिशन, दुसऱ्या फेऱ्याच्या तोंडाशी सुरू करायचं. शून्यापासून मोजलं तर तो खण नंबर ६३. पुढे डिस्क इतक्या बदलल्या की फेऱ्याला त्रेसष्ट खण हे फक्त कागदावर उरलं. पण रीत राहिली. विंडोज एक्सपी त्रेसष्टपासूनच सुरुवात करायची, त्या काळची लिनक्सची साधनंही तेच करायची. २००८ साली आमच्या इंजिनिअरनं जे केलं ते त्या दिवसाच्या रीतीला धरूनच होतं.

एसएसडीचा कारभार मात्र निराळा. तिच्यातल्या चिपचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला. त्यांच्या एका सहकाऱ्याला ही स्मृती पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी वाटली, म्हणून तिला फ्लॅश म्हणतात. नाव पुसण्यावरून पडलं, हे ध्यानात ठेवा, कारण सगळं गाडं तिथंच अडतं.

आपल्या लहानपणीची दगडी पाटी आठवा. तिच्यावर ओळी आखलेल्या आहेत. कोऱ्या ओळीवर केव्हाही लिहा. पण लिहिलेली एकच ओळ पुसून तिथंच पुन्हा लिहायला बंदी आहे. पुसायची तर अख्खी पाटी एकदम. म्हणून एक ओळ बदलायची झाली तर एसएसडी ती नव्या ठिकाणी कोऱ्या ओळीवर लिहिते, जुनीवर काट मारते, आणि सवडीनं एखाद्या पाटीवरच्या कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवून ती पाटी धुऊन टाकते. पाटी किती वेळा धुता येईल यालाही मर्यादा आहे. प्रत्येक धुण्यात ती झिजते.

आता एसएसडीची एक ओळ ५१२ बाइटची नसते. ती निदान ४०९६ची धरून चाला, म्हणजे आठ खणांची. काही चिपमध्ये याच्या दुप्पट-चौपट. आपल्या फाइली ठेवणारी व्यवस्थाही सहसा ४०९६ बाइटचीच पुडी बांधते. आठ खणांची पुडी, आठ खणांची ओळ. जोडा अगदी जुळतो, फक्त सुरुवात ओळीच्या तोंडाशी झाली पाहिजे. ओळी कशा पडतात बघा: शून्य ते सात ही पहिली, आठ ते पंधरा ही दुसरी, असं करत छप्पन्न ते त्रेसष्ट ही आठवी. त्रेसष्ट नंबरचा खण म्हणजे आठव्या ओळीचा शेवटचा खण. तिथं सुरुवात केली की पहिल्या पुडीचा एक खण या ओळीत आणि सात पुढच्या ओळीत. दुसरी पुडीही तशीच, तिसरीही तशीच, डिस्कच्या अंतापर्यंत.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे हा तर यतिभंग. शार्दूलविक्रीडित वृत्तात एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विसावा. शब्द तिथं संपला पाहिजे. शब्द अर्धा अलीकडे आणि अर्धा पलीकडे पडला की म्हणणाऱ्याचा श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो. एखाद्या ओळीत झालं तर कवीला माफ करतात. इथं पहिल्याच ओळीत एक अक्षर अलीकडे सरकलं आणि अख्खं काव्य यतिभंगाचं झालं. त्याला शार्दूलविक्रीडित ठाऊक नव्हतं, पण मान डोलावली.

याचा परिणाम असा. एक पुडी बदलायची तर दोन ओळींना हात लावावा लागतो. त्या दोन्ही ओळींत शेजारच्या पुड्यांचे खण आहेत, ते बिघडून चालणार नाही. म्हणून आधी दोन्ही ओळी वाचा, आपले खण बदला, दोन्ही ओळी नव्यानं लिहा. लिहिणं दुप्पट, धुणं जास्त, झीजही जास्त. मोठी ध्वनिफीत सलग हजारो पुड्यांची असते, तिथं ही अडचण फक्त दोन टोकांना जाणवते, मधल्या ओळी पूर्ण भरतात. चार ओळींची ओवी मात्र एका पुडीत मावते, आणि ती पुडी नेमकी दोन ओळींवर पसरलेली. कोडं सुटलं. डिस्क बदलून फरक का पडला नाही, तेही कळलं: हुबेहूब नक्कल करताना सुरुवातीचा खणही हुबेहूब आला होता. नक्कल जितकी प्रामाणिक, तितकं जुनं दुखणं पक्कं.

आता मधला थर, कुलपाचा. लक्सचं कुलूप पार्टिशनच्या सुरुवातीला स्वतःसाठी जागा घेतं. त्या मथळ्यात किल्ल्यांची माहिती असते, मजकूर त्याच्यापुढे. म्हणजे तीन गोष्टी एकमेकींवर रचलेल्या आहेत: खाली पार्टिशन, त्याच्या आत कुलपाचा मथळा, त्याच्यापुढे फाइलींच्या पुड्या. मथळ्याची लांबी आठाच्या पटीत होती, पुड्या आठाच्याच होत्या. पण त्या थरांचा सारा नीटनेटकेपणा त्रेसष्टवर उभा होता, म्हणून वाया. घराच्या भिंती ओळंब्यात असून काय उपयोग, पायाच गल्लीत एक वीत पुढे आला असेल तर?

कुलपाचीही स्वतःची एक मोजणी असते. एन्क्रिप्शन एकेका खणाला वेगळं होतं, आणि त्यात खणाचा नंबर मिसळला जातो. त्यामुळे एकच शब्द दोन खणांत असला तरी बाहेरून दोन्हीकडे वेगळी राख दिसते. जुनं लक्स हे काम ५१२च्या हिशेबानं करायचं; ४०९६च्या एका पुडीसाठी आठ वेळा सुरुवात. नव्या लक्समध्ये, ज्याला लक्स-दोन म्हणतात, एकदाच ४०९६चा घास घेता येतो. एक गैरसमज मात्र नको. सुरुवात वाकडी असली म्हणून कुलूप कच्चं होत नाही. बायकांचं बोलणं तेव्हाही सुरक्षित होतं. हाल होत होते ते डिस्कचे आणि टाइप करणारीचे.

मग दुरुस्ती. पार्टिशन एक खण पुढे सरकवलं की झालं, असं मला वाटत होतं. पण सगळा मजकूर एक खण पुढे ढकलायचा म्हणजे भरलेली मालगाडी हातानं रेटण्यासारखं, आणि मध्येच वीज गेली तर? आमच्या भागात विजेचं काही सांगता येत नाही. भाच्यानं सरळ मार्ग घेतला. दुसऱ्या एका डिस्कवर आधी कुलूप घातलं, मग फाइली फाइली म्हणून उतरवल्या. डिस्कची नक्कल करायची नाही, हे त्याचं पहिलं पथ्य. प्रत्येक फाइलची दोन्हीकडची बेरीज जुळवून पाहिली. पत्नीनं स्वतः दहा-बारा रेकॉर्डिंग लावून ऐकली. तिचा बेरजेवर विश्वास नाही. मगच एसएसडी तिच्या स्वतःच्या पुसण्याच्या हुकुमानं पूर्ण पुसली आणि नवं पार्टिशन २०४८ नंबरच्या खणापासून सुरू केलं. हा आकडा का? २०४८ खण म्हणजे बरोबर एक मेगाबाइट. त्याला आठनं भाग जातो, सोळानं जातो, बत्तीसनं जातो. चिपची ओळ आठ खणांची असो की बत्तीस, सुरुवात ओळीच्या तोंडाशीच येते. लक्स-दोनचा मथळा सोळा मेगाबाइटचा, तोही याच पटीत. कुलपाचा घास ४०९६, फाइलींची पुडी ४०९६. चारही थर एका ओळंब्यात आले. चाक आता क्वचितच फिरतं. यातलं किती श्रेय सुरुवातीच्या खणाचं आणि किती धुतलेल्या पाट्यांचं, हे वेगळं काढता येणार नाही, असं भाचा म्हणतो.

तुम्ही काळजी करायचं कारण बहुधा नाही. विंडोज व्हिस्टा २००७ साली आली तेव्हापासून नवं पार्टिशन एक मेगाबाइटवरच सुरू होतं; लिनक्सची साधनंही २०१०च्या सुमारास तिकडे वळली. हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनी जानेवारी २०११पासून ४०९६चा खण स्वीकारायचं ठरवलं होतं. पण जुन्या एक्सपीच्या काळातल्या डिस्कची नक्कल तुमच्या एसएसडीवर असेल, डॉक्टरांच्या, वकिलांच्या, सोसायट्यांच्या ऑफिसात अशा असतात, तर एकदा बघा. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये डिस्कच्या यादीत ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ असा आकडा असतो. त्याला ४०९६नं भागा. १०,४८,५७६ असेल तर उत्तर २५६ येतं, छान. ३२,२५६ असेल तर पावणेआठ आणि वर थोडं येतं. तो आमचा त्रेसष्ट.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे वादाची झाली. तुम्ही फाइल काढून टाकली तरी एसएसडीला ते कळत नाही. तिच्या लेखी ती ओळ भरलेलीच. म्हणून कॉम्प्युटर तिला ‘अमुक ओळी आता रिकाम्या’ असं सांगतो. याला ट्रिम म्हणतात. त्यानं डिस्क ताजी राहते. पण कुलूपबंद डिस्कवर लिनक्स हा निरोप आपण सांगितल्याशिवाय खाली जाऊ देत नाही. कारण निरोप गेला की डिस्क हातात आलेल्या माणसाला मजकूर कळणार नाही, पण भरलेली जागा किती आणि रिकामी किती, हे कळेल. भाचा म्हणाला, एवढं कळलं तर काय बिघडतं? बँका-कंपन्याही चालवून घेतात. मला त्याचं पटत होतं. पत्नी म्हणाली, “कोण किती बोललं हेही कुणाला कळायला नको.” एवढ्यावरून कोण किती बोललं ते कळत नाही, हे आम्ही दोघांनी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि ट्रिम बंदच ठेवायला सांगितलं. शब्द तिनं दिलेला, तेव्हा निर्णयही तिचा. त्यावर तोड म्हणून डिस्कचा काही भाग कुठल्याच पार्टिशनमध्ये न घेता कोरा सोडला, म्हणजे पाट्या धुवायला एसएसडीला हात फिरवता येईल.

तिच्या हट्टाला एका बाबतीत शास्त्राचाही आधार आहे. एसएसडीवर एकदा उघडं लिहिलेलं काही, वरून पुन्हा लिहून नक्की पुसलं गेलं असं म्हणता येत नाही. जुनी ओळ काट मारून कुठं तरी पडलेली असते. म्हणून कुलूप आधी आणि लिहिणं नंतर. आधी लिहून मग कुलूप घालणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. ती पहिली उघडी प्रत चिपच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

राहिला किल्लीचा प्रश्न. या कुलपाला दुसरा मार्ग नाही. पासवर्ड विसरला किंवा तो मथळा खराब झाला, तर कुलूप करणारा आला तरी उघडणार नाही. म्हणून मथळ्याची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवली. पासवर्ड पत्नीच्या डोक्यात. ती साठीला आली आहे. मी तिला विचारलं, तुझ्यानंतर? लक्सच्या मथळ्यात एकाच कुलपाला अनेक किल्ल्या लावता येतात; जुन्यात आठ, नव्यात बत्तीसपर्यंत, आणि नको असलेली किल्ली बाकीच्यांना धक्का न लावता काढूनही टाकता येते. तिनं दुसरी किल्ली करून घेतली आणि ती कागदावर लिहून पाकिटात घातली. पाकीट मुलीकडे जायचं आहे.

मुलीनं ते उघडायचं ते कशासाठी, यावर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो, गाणी बाहेर काढावीत आणि मधलं बोलणं ऐकण्याआधीच मिटवून टाकावं. पत्नी म्हणते, मिटवायचं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, बाहेर जाऊ देऊ नका एवढंच सांगितलं होतं. त्यातल्या चार-पाच जणी आता हयात नाहीत, त्यांचा आवाज आणखी कुठंही नाही. ज्या हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन एकेकीला पुन्हा विचारायचं तिनं ठरवलंय. पाकीट तोवर बंद करून ठेवलंय, वर अजून काही लिहिलेलं नाही.